आठ डबे मध आणि पाचशे लिंका

१ जुलै २००७, रविवार
सायमा सकाळच्या बसने चंद्रपूरला कॉलेजात परत गेली. जाताना दुकानाची वेबसाइट माझ्या हवाली केली. पोरीने सुटीचा दीड महिना तिच्यात घातला. एकेका झाडावर एकेक पान. जांभळाचा मध थोडा कडसर का लागतो, करंजाचा कसा लागतो, सगळं लिहिलं. आम्हाला मध आणून देणाऱ्या कोलूचा पोळं काढतानाचा फोटो लावला. पासवर्ड कागदावर दिला आणि म्हणाली, अब्बा, यात काही करायचं नाही. पत्र आलं तर उत्तर द्यायचं, बस.
काही करायचं नाही, हे मला पटलेलं नाही. माणूस झाड लावून स्वस्थ बसतो का?
(बसतो. पण वेबसाइट म्हणजे झाड नाही.)
आजपासून ही वही. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही. तरी पहिल्या पानावर पत्ता टाकला: इब्राहीम वनोपज भांडार, चामोर्शी. हरवली तर असावा.
संकल्प:
रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर दोन पानं लिहिणे.
राग कमी करणे.
कोलूने महिन्यापूर्वी आणलेले मधाचे आठ डबे मागच्या खोलीत आहेत. माझ्या अब्बांचा नियम होता, चाखल्याशिवाय डबा विकायचा नाही. उद्या चाखणे.

३ जुलै
लाइट नव्हती. चाखणे राहिले.
(मध अंधारातही चाखता येतो, असं सायमाची अम्मी शमीम म्हणाली. बायकांना प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं. रागावलो नाही.)

१२ जुलै, गुरुवार
पुण्याहून ईमेल! आयुर्वेदिक औषधांची मोठी कंपनी. लिहिणारी एक मॅडम. एका शिक्षकाचं लिखाण वाचून आमच्या साइटपर्यंत आली म्हणते. पुण्याचे लोक वाचतात फार.
कंपनीला दरसाल सहाशे किलो जंगली मध पाहिजे, गोळा करणाऱ्यांकडूनच. डिसेंबरपर्यंत त्यांचे डायरेक्टर स्वतः इंटरनेटवर शोधून, पाहून ठरवणार.
सहाशे किलो म्हणजे कोलूच्या गावचा जवळजवळ सगळा मध. धानोऱ्याकडचं छोटं गाव ते. दरवर्षी व्यापाऱ्याचा टेम्पो येतो, म्हणेल तो भाव देतो आणि वरून मापात मारतो. ही ऑर्डर मिळाली तर टेम्पोची वाट पाहायला नको. माझंही दुकान चालेल. हिरडा-बेहड्यावर आता कोणाचं भागतं?
दुपारी गूगलमध्ये गडचिरोलीचा मध शोधला. पहिला नंबर नागपूरच्या एका दुकानाचा. त्याचा मध मी पाहिला आहे. साखरेच्या पाकाला मधमाशीचा फोटो दाखवलेला. आम्ही दुसऱ्या पानावर, चौदावे.
चौदावे! डायरेक्टर लोक दुसरं पान उलटतात का? नाही उलटत.
डिसेंबरच्या आत पहिला नंबर. लिहून ठेवतो.

२१ जुलै, शनिवार
अल्लाह मदत पाठवतो ती चालत येते. आज गुणवंतराव दुकानात आले.
जुनी ओळख. पंच्याण्णव साली त्यांनी मला सागाच्या रोपांचं सर्टिफिकेट विकलं होतं. वीस वर्षांत लखपती. तीन वर्षांत कंपनीच जंगलात गेली ती परत आली नाही. त्यात त्यांचेही बुडाले, असं ते सांगतात. म्हणजे ठेच लागलेला माणूस. असाच माणूस दुसऱ्याला सावध करू शकतो.
आता ते वेबसाइट वर आणून देतात. कार्डावर ‘सर्च इंजिन सल्लागार’ छापलं आहे, सोनेरी.
त्यांनी फार सोपं करून सांगितलं. एका साइटवरून दुसऱ्या साइटकडे जायची वाट म्हणजे लिंक. म्हणजे कोणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं. गूगल ही बोटं मोजतो. ज्याच्याकडे जास्त बोटं, तो वर. आणि बोटं विकत मिळतात. पाचशेचं पॅकेज आहे.
मी म्हटलं, आमचा मध चांगला आहे, त्याचं काय? ते हसले. म्हणाले, इब्राहीमभाऊ, गूगल काय मध चाखून पायते का? तो बोटं मोजते.
अगदी बरोबर. एवढी साधी गोष्ट कॉलेजात शिकवत नाहीत.
पॅकेज घेतलं. रक्कम इथे लिहीत नाही. वही शमीमच्या हाताला लागू शकते.

२२ जुलै
सायमाला फोन केला. तिने वाचलंय की विकत घेतलेल्या लिंका गूगलला चालत नाहीत, पकडलं तर साइट खाली टाकतात, कधी कधी काढूनच टाकतात. मी विचारलं, गूगलला कळणार कसं, पावती तर माझ्याकडे आहे? तिकडून फोन कट झाला. लाइन खराब असावी.

२९ जुलै, रविवार
यादी आली. पाचशे! चष्मा लावून निम्मी वाचली. कॅनडातलं एक औषधाचं दुकान. मोबाइलच्या रिंगटोनवाले. टकलावर केस उगवणारे. एक रशियन कंपनी. लिपी वाचता येत नाही, पण अक्षर वळणदार आहे.
कॅनडासारख्या देशातल्या औषधवाल्याने चामोर्शीच्या मधाकडे बोट दाखवावं! अब्बा असायला हवे होते.

२ ऑगस्ट
कोलू आला. त्याच्या बापापासून हे घर आम्हाला मध देतं. त्याला आनंदाची बातमी सांगितली, त्याला कळेल अशा भाषेत.
त्यांच्या गावची रीत मला लहानपणापासून माहीत आहे. बाजारात मध विकणारा स्वतःच्या मधाबद्दल एक शब्द बोलत नाही. गिऱ्हाईकाने विचारलं, तर बाजूला बसलेला सांगतो. मी म्हटलं, कोलू, लिंक म्हणजे तुझा तो बाजूचा. मी आपल्यासाठी पाचशे बाजूचे केले.
कोलू खूश झाला. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, त्यायनं चाखला का जी?
मी म्हटलं, अरे, ते परदेशात राहतात. कोलू म्हणाला, मंग ते कायची तारीफ करून राह्यले?
रीतीचा हा दुसरा भाग मी विसरलो होतो. बाजूच्याने गिऱ्हाईकाने विचारण्याआधीच त्यातलं बोटभर चाखलेलं पाहिजे. न चाखता तारीफ केली तर माश्या पुढच्या साली ते झाड सोडून जातात, असं ते मानतात.
अडाणी समजूत. पण दिवसभर डोक्यातून गेली नाही.

५ ऑगस्ट
तोडगा सापडला. प्रत्येकाला चाखायला मध पाठवायचा! पाचशे जमणार नाहीत, मुख्य मुख्य चाळीस. कोलूची रीत राहील आणि कॅनडावाल्यालाही कळेल, माणसं कशी आहेत.
शमीमने एक डबा उघडून चाळीस छोट्या बाटल्या भरल्या. भरता भरता बोट चाटलं आणि हाक मारली, अजी, जरा चाखून तर पाहा, यंदा काय मध उतरला आहे! मी तेव्हा नुकताच इंटरनेट जोडला होता. जोडायला वीस मिनिटं लागतात. उठलो असतो तर लाइन तुटली असती.
प्रत्येक बाटलीवर मी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: ‘चाखण्यासाठी. विक्रीसाठी नाही.’ गुणवंतराव पेटी घेऊन गेले. परदेशी पार्सलची त्यांची ओळख आहे.
उद्या मी पण चाखणार.

१० ऑगस्ट, शुक्रवार
सायमाचं बोलणं मनात होतं म्हणून जुम्याच्या नमाजनंतर मौलाना साहेबांना विचारलं. सरळ विचारलं असतं तर आधी त्यांना इंटरनेट समजावून द्यावा लागला असता. म्हणून सोपं केलं. दुसऱ्याच्या भिंतीवर भाडं देऊन आपल्या दुकानाची पाटी लावली तर चालेल का?
म्हणाले, भिंतवाल्याची रजामंदी असेल आणि पाटीवर खरं लिहिलं असेल तर जायज आहे.
दोन्ही आहे. मन हलकं झालं. बोट दाखवणं म्हणजे साक्ष देणं, पण साक्ष हा शब्द मी वापरला नाही. तो विषय वेगळा आहे.

१८ ऑगस्ट
गुणवंतरावांनी सगळ्या लिंका तपासल्या. एक हलकी निघाली.
हरिदास गुरुजींची. हे कोलूच्या गावच्या शाळेचे मास्तर. शनिवारी शाळा सुटली की गडचिरोलीला जाऊन सायबर कॅफेत ब्लॉग लिहितात. कोलूबरोबर जंगलात गेले, झाडाखाली बसून मध खाल्ला, त्यावर अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत भलंमोठं लिहिलं आणि शेवटी आमच्या दुकानाची लिंक दिली. कोणी सांगितलं नव्हतं. पैसेही मागितले नाहीत.
गुणवंतराव म्हणाले, तेच तर, फुकटची हाय. आपण कोट-टाय घालून पंगतीत बसायचं आणि बाजूचा बनियनवर? भाव पडते भाऊ आपला.
गुरुजींना फोन करून लिंक काढायला सांगितली. त्यांनी विचारलं, काऊन जी, माह्यं काई चुकलं का? मी म्हटलं, नाही हो, टेक्निकल आहे. बरं जी, म्हणाले. काढली.
साधा माणूस. अशांना जगात फार त्रास होतो.

२५ ऑगस्ट
चौथा नंबर!!

४ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ११.४०
पहिला.
दोनदा बंद करून पुन्हा पाहिलं. पहिला. नागपूरवाला दुसरा. कागदावर प्रिंट काढून, लॅमिनेशन करून गल्ल्याच्या वर लावला. बाजारात पेढे वाटले. कोणी विचारलं, सायमाचं लग्न ठरलं का? मी म्हटलं, त्याहून मोठं. हे शमीमपर्यंत पोहोचलं, तो भाग लिहीत नाही.
माणसाने गर्व करू नये. मी करत नाही. फक्त दिवसातून वीस-पंचवीस वेळा पाहतो. तेवढा वेळ दुकानाचा फोन एंगेज राहतो, कारण इंटरनेटची आणि फोनची तार एकच. ज्याला गरज असेल तो पुन्हा करेल.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
पहिला रोजा. आता दिवसा मध चाखण्याचा प्रश्नच नाही. इफ्तारनंतर तोंड खजुराने गोड झालेलं असतं, जिभेला मधाची खरी पारख होत नाही. ईदनंतर, शांतपणे.
पुण्याच्या मॅडमला रोज मेल करून नंबर कळवतो. उत्तर नाही. भारावल्या असतील.

१४ ऑक्टोबर, रविवार. ईद
लिहू की नको, असं झालं. पण खरं लिहायचं ठरलं आहे.
सायमा ईदला घरी आली. नमाजनंतर तिने सहज साइट उघडली. खाली खाली गेली. सगळ्यात खाली, कोलूच्या फोटोखाली, बारीक अक्षरांत एक रांग होती. ऑनलाइन पोकर. कॅसिनो. पत्ते. आणखी काही, जे ती वाचून दाखवेना.
गुणवंतरावांनी पासवर्ड घेतला होता. लिंक दिल्याशिवाय लिंक मिळत नाही, असं ते म्हणाले होते खरं. मला वाटलं होतं रिंगटोनवाले असतील.
सायमा म्हणाली, अब्बा, कोलूकाका झाडावर चढून राह्यले आणि खाली आपण लोकांना जुगाराचा रस्ता सांगून राह्यलो. तेही आजच्या दिवशी. मी म्हटलं, अक्षरं बारीक आहेत. ती उठून आत गेली. शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली.
गुणवंतरावांना फोन केला. ते म्हणाले, काढा ना, पण तुमी यायची बोटं काढली तर तेयी तुमची काढतीन.
विचार केला. जुगार हराम आहे, यात वाद नाही. पण मी खेळत नाही, खेळवत नाही, फक्त डिसेंबरपर्यंत रस्ता आमच्या अंगणातून जातो. कोलूच्या गावाचा प्रश्न आहे. अल्लाह नियत पाहतो.
तोबा डिसेंबरनंतर.

१५ ऑक्टोबर
सायमा सकाळच्याच बसने गेली. तीन दिवस राहणार होती.

२७ ऑक्टोबर, शनिवार
नंबर दिसत नाही.
पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. चाळीस पानं पाहिली. नागपूरचा पाकवाला पहिला.
मग पूर्ण नाव टाकून शोधलं. इब्राहीम वनोपज भांडार, चामोर्शी. माणूस निदान स्वतःच्या नावाने तरी सापडावा!
कॅनडाचं औषधाचं दुकान आलं.

२८ ऑक्टोबर
गुणवंतराव अजिबात घाबरले नाहीत. म्हणाले, दिवाळी आली ना भाऊ, गूगल सफाई करून राह्यला. सामान बाहेर काढते, पुसते, परत आत ठेवते. आत ठेवते वेळी बोटं जास्त असली पायजे, नाईतर माळ्यावर जाते.
हे तर्काला धरून आहे. आणखी पाचशे घेतल्या. शमीमने विचारलं, बांगड्या कुठी आहेत? मी म्हटलं, पॉलिशला दिल्या. खोटं नाही. चमकूनच परत येतील.

१० नोव्हेंबर
दिवाळी झाली. सामान अजून बाहेरच आहे.

१७ नोव्हेंबर, शनिवार
सायमाला भेटायला चंद्रपूरला गेलो. ती क्लासला गेली होती, किंवा मैत्रिणीने तसं सांगितलं. बसस्टँडजवळ पानाच्या ठेल्यावर थांबलो. तंबाखूच्या पुड्यांच्या मागे छोट्या बाटल्यांची रांग. चिठ्ठ्यांवरचं अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच.
‘चाखण्यासाठी. विक्रीसाठी नाही.’
ठेलेवाल्याला विचारलं, मध कुठून येतो? तो म्हणाला, एक गुणवंतराव म्हणून हायेत, ते आणून देते. लई चालते बाप्पा! त्या चिठ्ठीमुळं लोकायले वाटते आतल्या गोटातला माल हाय.
म्हणजे कॅनडावाल्याने चाखला नाही. कोणीच चाखला नाही. हजार बोटांपैकी एकाही बोटाला मध लागलेला नाही.
शेवटची बाटली पैसे देऊन विकत घेतली. घरी शमीम म्हणाली, आता तरी उघडा. पण तो पुरावा आहे. फोडली तर पुरावा राहत नाही.

१८ नोव्हेंबर
गुणवंतरावांचा फोन बंद.

१९ नोव्हेंबर
बंद. रेंज नसेल. आपल्याकडे जंगल फार.

३० नोव्हेंबर, शुक्रवार
पुण्याहून मेल. मॅडमने सप्टेंबरपासून दुकानाला कितीतरी फोन केले, म्हणे सतत एंगेज. डायरेक्टर साहेबांनी शोधलं तेव्हा आमचं दुकान सापडलं नाही. मॅडमने त्यांना आमचा पत्ता टाकून साइट दाखवली, तर खाली जुगाराच्या जाहिराती. त्यामुळे दुकानाशी पुढे बोलणं नाही. तरी आभार.
तीन वेळा वाचलं. ‘तरी आभार’ या शब्दांत थोडी जागा आहे असं वाटतं.
कोलूला अजून सांगितलेलं नाही. त्याने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, यंदा टेम्पोवाल्याला शब्द देऊ नका, इब्राहीमभाऊ पाहून राह्यले.

८ डिसेंबर, शनिवार
सकाळी कोलू दुकानात हजर. मी मागच्या दाराने निघायच्या बेतात होतो, पण तिथे आठ डबे आडवे आले.
आता सगळं सांगावंच लागणार, असं मनाशी म्हटलं. तर तोच हसून म्हणाला, भाऊ, पुण्याचे सायब बुधवारी गावात येऊन राह्यले!
डायरेक्टर साहेबांनी शोधलं तेव्हा पाकवाल्याच्या खाली हरिदास गुरुजींचं पान दिसलं. चार-पाच जणांनी वाचून आपापल्या ब्लॉगवर त्या पानाची लिंक टाकली होती, फुकट. साहेबांनी सगळं वाचलं. शेवटी एक ओळ होती, तीही वाचली: ‘इथे एका दुकानाची लिंक होती, दुकानदाराच्या विनंतीवरून काढली आहे.’ मग त्यांनी शाळेत फोन केला.
मी त्याला चहा सांगितला.
कोलू म्हणाला, तुमी या जी. सायब इचारन, मध कसा हाय? मी कसा सांगू? बाजूचा पायजे ना. तुमच्या अब्बानं माह्या बापाच्या मधाचं सांगतलं होतं भर बाजारात. तुमी सांगा.
माणसाची किंमत वेळ आली की कळते. शेवटी हजार लिंका गेल्या आणि एक इब्राहीम उरला. कोटाला इस्त्री करायला सांगितलं. शमीमने केली.

११ डिसेंबर
भाषण तयार. दोन पानं. सुरुवात अब्बांपासून. मध्ये एक शेर. साहेब भारावतील आणि विचारतील, आपलं दुकान कुठे? तेव्हा कार्ड काढायचं. घाईने नाही.

१२ डिसेंबर, बुधवार
घरी आलो. लिहितो.
शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. डायरेक्टर साहेब, मॅडम, हरिदास गुरुजी. गाव खाली बसलेलं. कोलूची बायको रुखमा पळसाच्या पानाच्या द्रोणात मध घेऊन उभी. साहेबांनी कोलूला विचारलं, कसा आहे यंदाचा मध? कोलूने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिलं.
मी उभा राहिलो. कोट ठीक केला. बिस्मिल्ला म्हटलं आणि कागद उघडला.
तेवढ्यात कोलूने हळूच विचारलं, नुसतं रीत म्हणून, भाऊ, यंदाचा चाखला ना?
हो म्हणायला एकच अक्षर लागतं. कॅनडावाल्याला ते जड गेलं नाही. रशियावाल्याला गेलं नाही. मलाही जाऊ नये, पण बिस्मिल्ला तोंडातून निघालेला होता. त्याच्यामागून ते अक्षर निघेना. जून महिन्यापासून आठ डबे घरात आहेत. शमीमने चाखला. पानठेल्यावरच्या अनोळखी माणसांनी चाखला. मी नाही.
नाही, म्हटलं.
रुखमाने लगेच द्रोण पुढे केला, घ्या ना जी, आता चाखा. मी हात पुढे केलाच होता. कोलू म्हणाला, राहू दे. सायबानं इचारल्यावर चाखला तं त्याले काय अर्थ? आणि मला म्हणाला, बसा जी.
रागाने नाही म्हणाला. बस रिकामी झाल्यावर कंडक्टर म्हणतो तसा म्हणाला.
हरिदास गुरुजी उठले. त्यांनी सकाळी चाखला होता. ते म्हणाले, साहेब, हा जांभळाचा आहे, शेवटी जरा कडू लागेल, ते तसंच असते. पातळ वाटेल, पाणी नाई घातलं. मले आवडते. आणि खाली बसले. एवढंच. शेर नाही, काही नाही.
साहेबांनी बोट बुडवून चाखला आणि म्हणाले, हो, कडू लागतं शेवटी. मॅडमने तिथेच कागद काढला.
ऑर्डर गावाला मिळाली. मध गावातूनच भरून थेट पुण्याला जाणार. बाटल्याही कंपनीच्या. मी खिशात कार्ड धरून बसलो होतो, ते घामाने मऊ झालं.
निघताना गुरुजींनी माझ्याजवळ येऊन विचारलं, लिंक परत लावू का जी? मी म्हटलं, नको गुरुजी. त्या साइटला लावू नका.
गेल्या पाच महिन्यांत कोणाला दिलेला हा पहिला बरा सल्ला असावा. कोलू बसपर्यंत सोडायला आला. म्हणाला, आठ डबे आहेत ना तुमच्याकडे, ते विका आता. चांगले हायेत, असं मी नाई म्हणून राह्यलो.

१३ डिसेंबर, गुरुवार, फजरनंतर
मागच्या खोलीत गेलो. पहिल्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. दुसरा उघडला. बोट बुडवलं.
पुन्हा बुडवलं.
शमीमला उठवून सांगितलं, अगं, यंदाचा मध फार चांगला उतरला आहे. ती डोळे न उघडता म्हणाली, मी ऑगस्टपासून दुसरं काय बोलून राह्यली? बांगड्या आल्या का पॉलिश होऊन?
हे साइटवर लिहावं असं वाटलं. आता मी चाखला आहे, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या ओळीत नाव नको, नंबर नको, फक्त मध कसा लागतो ते. आणि ती जुगाराची रांग स्वतःच्या हाताने पुसायची. वीस मिनिटं लावून इंटरनेट जोडला.
सायमाने पासवर्ड बदलला आहे. जुगाराची रांगही तिनेच पुसली आहे. कधी पुसली, ते सांगितलं नाही.
म्हणून इथे लिहून ठेवतो. जांभळाचा आहे. आधी गोड, मग जिभेच्या मागे थोडा कडू, आणि तो कडूपणा गेल्यावर परत गोड. पाणी नाही. मी स्वतः चाखला आहे.
ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.